भाजणीचा मेल आणि फिटरची चाचणी

नरहररावांनी लखनौजवळच्या चिनहटच्या पंप कारखान्यात फिटर म्हणून आयुष्य काढलं. त्यांच्या हातून गेलेला पंप सहसा परत येत नसे. कारण साधं होतं. पंप बाहेर जाण्याआधी ते प्रत्येक व्हॉल्व्ह स्वतः उघडून पाहत, बंद करून पाहत. नुसतं बघून त्यांनी कधी सही केली नाही.

निवृत्तीनंतर लखनौच्या महानगर भागातल्या घरात त्यांच्या वाट्याला एकच यंत्र उरलं, वसुधाताईंची दळणाची चक्की. वसुधाताई चकलीची भाजणी आणि मेतकूट करून विकत. गिऱ्हाईक बहुतेक मराठी, बँकेतले आणि संशोधन संस्थांमधले. गेल्या काही वर्षांत त्यातल्या बऱ्याच जणांच्या बदल्या झाल्या. गावात उरली मोजकी घरं. त्यांच्यापुरती चक्की चालवण्यात अर्थ नव्हता. अमीनाबादचा एक यंत्रवाला ती न्यायला तयार होता. "दसऱ्यापर्यंत बाहेरगावच्या ऑर्डर आल्या तर ठेवू," वसुधाताई म्हणाल्या, "नाहीतर देऊन टाकू."

नरहररावांना ते नको होतं. चक्कीचा आवाज बंद झाल्यावर घरात आपण काय करायचं, हे त्यांना कळेना.

तोड काढली मुलीनं. हिमानी लखनौतच जन्मली. मराठी सगळं कळायचं, उत्तर बहुधा हिंदीत. "बाबा, लोकांचे नंबर बदलले, पर ईमेल वही हैं. सबको एक मेल भेजते हैं. बहुत सी कंपनियाँ फ्री में करने देती हैं." तिनं तीन कंपन्यांवर खाती उघडून दिली. "आप देखकर एक चुन लीजिए," असं सांगून ती ऑफिसला गेली.

नरहरराव चष्मा पुसून बसले. पहिली कंपनी म्हणे फुकटात थोडीच नावं ठेवता येतील. दुसरी म्हणे नावं हवी तेवढी ठेवा, पण रोज ठरावीकच मेल जातील. तिसरी म्हणे कितीही पाठवा, फक्त खाली आमचा शिक्का राहील. गिऱ्हाइकाला एक म्हणे 'ऑडियन्स', दुसरी म्हणे 'कॉन्टॅक्ट'. भाजणीच्या निरोपाला तिघीही 'कॅम्पेन' म्हणत होत्या.

"निवडणूक लढवायची आहे का आपल्याला?" वसुधाताईंनी स्वयंपाकघरातून विचारलं.

"मलाही तेच कळत नाहीये."

त्यांनी तिन्हीकडून स्वतःलाच एकेक मेल पाठवला. तिन्ही आले. पण आला म्हणजे झालं, असं ते मानणारे नव्हते. मेलमध्ये जे जे दाबता येत होतं ते त्यांनी दाबून पाहिलं. भाजणीचा फोटो दाबला, ऑर्डरचं बटण दाबलं. अगदी खाली बारीक अक्षरात 'अनसबस्क्राइब' होतं, तेही दाबलं. तिन्ही ठिकाणी हिरवी खूण आली. म्हणजे चालतंय.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा मेल पाठवले. एकही आला नाही. त्यांनी कॉम्प्युटर बंद करून चालू केला, वायर काढून परत लावली. जेवून उठून पुन्हा पाहिलं. काही नाही. तीन वेगळ्या कंपन्या, तिन्ही एकदाच चालतात आणि मग बंद पडतात. असा माल त्यांनी कधी पाहिला नव्हता.

"तिन्ही बाद," त्यांनी सांगितलं.

मग दसऱ्यापर्यंत थांबायचं कशाला, म्हणत वसुधाताईंनी हात धुतले आणि अमीनाबादला फोन केला. रविवारी टेम्पो घेऊन येतो, असं यंत्रवाला म्हणाला.

संध्याकाळी हिमानीनं खाती उघडली आणि डोक्याला हात लावला. "बाबा, तीनों जगह आपने खुद मना कर दिया है. आता तुम्हाला मेल कसा येणार?"

"मी मना नाही केलं. तपासलं. बंद होतं का ते."

"हुआ ना बंद?"

"झालं."

"तो?"

व्हॉल्व्ह बंद केला तर पुन्हा उघडता येतो. इथे पाठवणाऱ्याला तो उघडताच येत नव्हता. ही कसली रचना, हे त्यांच्या डोक्यात शिरेना.

निवड शेवटी वसुधाताईंनी केली. पहिलीत नावं मावत नव्हती. तिसरीचा शिक्का पाहून त्या म्हणाल्या, "भाजण्यात घाम माझा आणि खाली नाव त्यांचं? चालायचं नाही." उरली दुसरी. शनिवारी अर्धे मेल गेले, उरलेले रविवारी जायचे होते.

शनिवारी दुपारपर्यंत एकही ऑर्डर नाही. हिमानीनं पाहून सांगितलं, एकानं मेल बंद करून टाकलाय. नाव शरद. नरहररावांच्या शेजारच्या बाकावर काम केलेला, आता साताऱ्याला राहणारा.

"पहिलंच उत्तर 'नको'," वसुधाताई म्हणाल्या आणि चक्कीवरची पिशवी नीट घडी करून ठेवू लागल्या.

नरहररावांनी फोन लावून स्पीकरवर ठेवला. "शरद, भाजणीचा मेल बंद केलास?"

"केला. खाली बारीक अक्षरात होतं. म्हटलं, बघू चालतंय का."

"अरे, पण का?"

"न दाबता कसं कळणार? तूच ना शिकवलंस. ऑर्डरचं बटण शेवटी ठेवलं होतं, तेवढ्यात बायकोनं जेवायला हाक मारली. वहिनींना सांग, भाजणी पाठवा. आणि मेतकूट. इथलं तिला आवडत नाही."

हिमानी तोंडावर ओढणी धरून हसत होती. नरहरराव मात्र हसले नाहीत. शरदचं बरोबरच होतं. मग चुकलं कोण?

संध्याकाळी भोपाळहून ऑर्डर आली, मग इंदूरहून, मग नागपूरच्या बँकेतल्या अनघाताईंची. त्यांनी शेजारणीसाठीही मागवलं होतं. अर्धे मेल अजून जायचे होते. वसुधाताईंनी अमीनाबादला पुन्हा फोन लावला.

"भैया, कल टेम्पो मत लाना. चक्की नहीं देनी. महीन जाली हो तो वो ले आना."

नरहरराव कॉम्प्युटरसमोरच बसले होते. शरदचं नाव पुन्हा चालू करायचं बटण ते शोधत होते. ते कुठेच नव्हतं.