लोहचुंबकाची पसंती

समस्त भांडीप्रेमी जनहो, अत्यंत जड अंतःकरणाने कळवतो की काल भरबाजारात एका लोहचुंबकाने सुखी संसारात हात घातला.

आमच्या शेजारच्या सुमनवहिनी नवऱ्याला, म्हणजे भाऊंना, सोबत घेऊन लेकीच्या लग्नासाठी स्टीलचे डबे घेत होत्या. चांगल्या स्टीलला लोहचुंबक चिकटत नाही, म्हणून त्या घरून आणलेलं लोहचुंबक प्रत्येक डब्यावर फिरवत होत्या. एकाही डब्याला ते चिकटेना. मला मात्र त्या काळ्या तुकड्याचं कौतुक वाटलं. तो तांब्याकडे ढुंकून बघत नाही, चांदीला भुलत नाही, सोन्यासमोर तर साधूसारखा बसून राहतो. पण लोखंड नुसतं जवळ आलं की स्पर्शाआधीच ह्याचा जीव तिकडे ओढ घेतो. इतकी स्वच्छ आवडनिवड माणसाला कुठून जमायची!

इतक्यात टक् असा आवाज झाला. लोहचुंबक वहिनींच्या हातातल्या सोन्याच्या पाटलीला चिकटलं होतं. ती भाऊंनी लग्नाच्या वाढदिवसाला दिलेली. दुकानदार एकदम छताचा पंखा न्याहाळू लागला. वहिनी सावकाश नवऱ्याकडे वळल्या. "अहो?"

भाऊ ओरडलेच, "तरी मी म्हणत होतो, डबे ऑनलाइन मागवू!"