बिनफीचं गाव

"घरात आहे हे कळतसुद्धा नाही हो," मावशी फोनवर सांगत होती. "खरंच आई, इतकी गुणी आहे."

फोनवरच्या आई म्हणजे तिच्या सासूबाई, नाशिकला असतात. मी तळघरातल्या मशीनमधून धुतलेले कपडे घेऊन वर आले होते आणि हॉलच्या दाराबाहेर उभी होते. टोपली जड होती, पण खाली ठेवली असती तर आवाज झाला असता. मावशीचं बोलणं दुसऱ्या विषयावर जाईपर्यंत मी तशीच थांबले. मग आत जाऊन कपडे वाळत घातले. मावशी फोन कानाला लावूनच माझ्याकडे बघून हसली. मीही हसले.

मावशीचं म्हणणं खरं होतं. हायडेलबर्गच्या त्या घरात मी फार काळजीपूर्वक राहत होते. सकाळी बाथरूम सगळ्यांच्या नंतर वापरायचे. फ्रिजमधलं दही कोणी काढल्याशिवाय काढायचे नाही. मावसबहिणीच्या खोलीत मला पलंग दिला होता. ती तिसरीत होती. तिच्याशी मी मराठीत बोलायचे आणि ती जर्मनमध्ये उत्तर द्यायची. एकदा तिने अगदी सहज विचारलं होतं की तू परत जाशील तेव्हा माझं टेबल पुन्हा खिडकीजवळ ठेवता येईल ना. मी म्हटलं, हो, नक्की. तिला एवढंच हवं होतं. ती पुन्हा चित्र रंगवू लागली.

या घरात मी कशी आले, ते सांगायला हवं. पुण्यात असताना मला दोन विद्यापीठांकडून मास्टर्ससाठी प्रवेश मिळाला होता, एक हायडेलबर्ग आणि दुसरं उत्तरेकडचं ब्राउनश्वाइग. निर्णय घ्यायला आमच्या घरी पाच मिनिटंही लागली नसतील. हायडेलबर्गला मावशी होती. काका तिथल्याच एका सॉफ्टवेअर कंपनीत बरीच वर्षं होते. आई म्हणाली, आपली माणसं असताना मुलीला दुसरीकडे कशाला पाठवायचं. अभ्यासक्रम कोणता चांगला, हे कोणी विचारलं नाही. खरं तर मीही विचारलं नाही. लग्नाला परगावी गेलं की नातेवाईकांकडे उतरायचं, तसंच आम्ही विद्यापीठ निवडलं.

जर्मनीत शिक्षण फुकट असतं, हे आमच्या सोसायटीतल्या सगळ्यांना माहीत होतं. ते राज्याराज्यावर असतं, हे कोणालाच माहीत नव्हतं. हायडेलबर्ग ज्या राज्यात आहे, ते युरोपबाहेरून आलेल्या विद्यार्थ्यांकडून दर सेमिस्टरला फी घेतं. ब्राउनश्वाइगचं राज्य घेत नाही. विद्यापीठाच्या पानावर हे स्पष्ट लिहिलं होतं. आम्ही सगळ्यांनी ते पान उघडलं होतं आणि फुकट हा शब्द मनात धरूनच वाचलं होतं. काकांनाही कल्पना नव्हती, ते इथे नोकरीला आले होते, शिकायला नाही.

फी भरायची सूचना आली तेव्हा दुसरीकडचा प्रवेश हातातून गेला होता. बाबांनी कर्ज काढून माझ्या राहण्याजेवण्याचे पैसे इथल्या बँकेत भरले होते, त्यातून फी निघणार नव्हती. काका म्हणाले, त्यात काय, मी भरतो. त्यांनी त्याच संध्याकाळी भरलीसुद्धा. नंतर कधी तो विषय काढला नाही. मावशीनेही काढला नाही.

बदल झाला तो बाबांच्यात. बाबा आणि काका साडू. आम्हा मुलांना लहानपणापासून त्या दोघांची जुगलबंदी बघायची सवय. बाबा काकांच्या टकलावर बोलायचे, तिथल्या दगडासारख्या पावावर बोलायचे, आमच्या सासऱ्यांनी तुम्हाला धाकटी दिली तीही फसवूनच, असं म्हणायचे. काका बाबांच्या सुरू न होणाऱ्या स्कूटरला किक मारायची नक्कल करून दाखवायचे. रविवारच्या व्हिडिओ कॉलवरही हेच चालायचं. फी भरली त्यानंतरच्या रविवारी बाबांनी पांढरा शर्ट घातला होता. ते काकांना "कसे आहात?" म्हणाले. काकांनी स्कूटरवरून काहीतरी विनोद सुरू केला, तर बाबा तो पुरा व्हायच्या आधीच हसले. काकांनी विनोद तिथेच सोडला. मग दोघं हवेबद्दल बोलले. मी पडद्याच्या कडेला अर्धी दिसत होते. मी हळूच खुर्ची आणखी बाजूला घेतली.

त्यानंतर दर रविवारी बाबा तसेच बोलत राहिले. मला आणखी तीन सेमिस्टर काढायची होती.

मी ब्राउनश्वाइगला पुन्हा अर्ज केला. तिथे एप्रिलपासूनही प्रवेश मिळतो, हे शोधायला फार कष्ट पडले नाहीत. कोणाला सांगितलं नाही, कारण मिळेल याची खात्री नव्हती. फेब्रुवारीच्या सुरुवातीला होकार आला. मी तो फोनवर ट्रॅममध्ये वाचला आणि फोन पिशवीत ठेवला. शेजारच्या बाईंना उतरायचं होतं, मी पाय बाजूला घेतले. आठवड्याभरात जागा स्वीकारल्याचं कळवायचं होतं.

शुक्रवारी मी ते गाव बघायला गेले. घरी म्हटलं, एक विद्यापीठ बघायला जाते आहे, आणि मावशीला वाटलं वर्गाबरोबर सहल आहे. तिने पराठे बांधून दिले. दोनदा गाडी बदलून पोचेपर्यंत दुपार झाली होती. बारीक पाऊस होता. हायडेलबर्गला निदान किल्ला आहे, नदीवरचा पूल आहे, आईला पाठवायला फोटो निघतात. इथे स्टेशनसमोर एक मोठा रस्ता होता आणि त्यावरून ट्रॅम जात होत्या. विद्यापीठाची इमारत करड्या रंगाची, उंच होती. मी कॉरिडॉरमध्ये लावलेली वेळापत्रकं वाचली. मेन्झामध्ये, म्हणजे त्यांच्या कँटीनमध्ये, गेले, सूप घेतलं आणि पराठे पिशवीतच ठेवून एका मोठ्या टेबलाच्या टोकाला बसले. एका मुलीने विचारलं, ही जागा रिकामी आहे का. मी जर्मनमध्ये म्हटलं, "या", म्हणजे हो. ती बसली आणि फोन बघत जेवू लागली. दिवसभरात मी कोणाशी बोललेला तो तेवढाच शब्द.

मला तिथे आवडलं, असं मी म्हणणार नाही. परतीच्या गाडीत मी पराठे खाल्ले. त्या गावात मला ताप आला तर कोणाला कळणार नव्हतं. दिवाळीला कोणी बोलावणार नव्हतं. पण कँटीनमधली ती खुर्ची मला कोणी दिली नव्हती, ती नुसतीच रिकामी होती. गाडीची खिडकी काळी होईपर्यंत मी याच एका गोष्टीचा विचार करत होते.

शनिवारी सांगायचं ठरवलं होतं. शनिवारी मावशी बाजारहाटाला गेली, मग पाहुणे आले, मग मी भांडी आवरली.

रविवारी सकाळी मावशीने पोहे केले. काका लॅपटॉप घेऊन टेबलाशी बसले. पुढच्या सेमिस्टरची फी भरायची मुदत त्याच आठवड्यात संपत होती आणि काका कुठलंही काम शेवटच्या दिवसापर्यंत ठेवत नाहीत.

"आल्झो, चला तर," ते म्हणाले, "तुझा विद्यार्थी क्रमांक सांग. एकेक आकडा सांग हं, मागच्या वेळी एकोणऐंशीला अडकली होतीस."

"इंग्लिश मीडियम," मावशी गॅसपाशी हसली. "माझ्या बहिणीने सगळी हौस करून घेतली, उजळणी तेवढी राहिली."

मी दोन आकडे सांगितले. काकांनी ते टाइप केले आणि माझ्याकडे बघितलं. मावसबहीण पोह्यांतले शेंगदाणे वेचून ताटलीच्या कडेला रांगेत लावत होती.

"काका, भरू नका," मी म्हणाले.

आवाज इतका बारीक निघाला की त्यांना वाटलं, मी आकडाच चुकले. मला पुन्हा म्हणावं लागलं. मग बाकीचं सगळं एकदमच सांगितलं, ब्राउनश्वाइगचं, एप्रिलचं, तिथे फी नाही याचं. काल होती ती वर्गाची सहल नव्हती, म्हणजे परवा, शुक्रवारी, हेही सांगितलं. काकांनी लॅपटॉप मिटला नाही, नुसता थोडा पुढे ढकलला. ते म्हणाले, अगं, पैशाचा विचार तू करू नकोस, तो माझा आणि तुझ्या बाबांचा प्रश्न आहे. हे वर्ष इथेच पुरं कर, मग बघू. ते मनापासून म्हणत होते. मी मान हलवली असती तर नंबराचे उरलेले आकडे त्यांनी विचारले असते आणि मी सांगितले असते.

मी मान हलवली नाही.

मावशीने गॅस बंद केला. तिच्या हातात झारा तसाच होता. तिच्या चेहऱ्याकडे बघणं मला सगळ्यात कठीण गेलं. तिला राग आला नव्हता. ती गेल्या पाच महिन्यांत काय काय झालं ते आठवून बघत होती, एकेक दिवस, एकेक जेवण, कुठे काही कमी पडलं का.

"आमचं काही चुकलं का?" ती म्हणाली. "कोणी काही बोललं का तुला?"

"नाही, मावशी," मी म्हणाले. "कोणीच काही बोललं नाही. तरी मी जाणार आहे."