दुमडलेलं टोक

परवा पुतण्यानं कपाटातला जुना फिल्मचा कॅमेरा काढला. चामडी कव्हरचा कुबट वास सुटला. त्यानं कॅमेरा डोळ्याला लावून माझ्यावर रोखला, तसा मी एकदम मागे सरलो.

"वापरलेल्या रोलचं टोक दुमडून ठेव रे," मी म्हटलं, "आणि का दुमडतोस ते घरात सांगून ठेव."

कॅमेरा त्याच्या बापाचा, म्हणजे माझ्या दादाचा. वापरलेला रोल चुकून परत भरला जाऊ नये म्हणून दादा त्याचं बाहेर राहिलेलं टोक दुमडायचा. वहिनीला हे ठाऊक नव्हतं. दादा गेला, त्यानंतर हा जन्मला. बारशाला तिनं कपाटातला एक रोल घेतला, टोक चुरगळलंय म्हणून कात्रीनं कापलं आणि रोल भरून कॅमेरा माझ्या हातात दिला.

प्रिंट मी नाहूरच्या घरीच काढल्या. भर दुपारी बाथरूमच्या खिडकीला चादर ठोकलेली, लाल बल्ब, ॲसिडचा आंबट वास. शेजारी वहिनी उभी. ट्रेमधल्या कागदावर पाळणा उमटला, मग बायका उमटल्या. आणि त्यांच्या मधोमध दादा उमटला. त्याच्या अंगातून मागची भिंत दिसत होती. डोळ्याला कॅमेरा, थेट माझ्यावर रोखलेला.

मी कागद चिमट्यानं उचलून लाल बल्बखाली धरला. जरा वेळानं डोक्यात प्रकाश पडला.

"वहिनी, आरशासमोर उभं राहून काढलाय त्यानं हा. त्याच रोलवर आपण बारसं काढलं."

"कळलं," कागदावरची नजर न हलवता ती म्हणाली. "तसलाच, टोक चुरगळलेला अजून एक रोल आहे कपाटात. तो बाळाच्या वाढदिवसाला भरू या, भावजी."