रेड्याच्या पाठीवरचे वळ

माझं डोकं लवकर फिरतं. हे नारायण पेठेतल्या आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे आणि खडकीच्या पुढे मी नोकरी करते त्या वीर्यकेंद्रातही. मुऱ्हा जातीच्या रेड्यांचं वीर्य घ्यायचं, बारीक कांड्यांत भरून गोठवायचं आणि गावोगावच्या म्हशींसाठी पाठवायचं, हे आमचं काम. माझी प्रयोगशाळा गोठ्याला लागूनच आहे.

वीर्य घेतात ते रबरी नळीत. नळीच्या आवरणात गरम पाणी भरतात, आणि ते किती गरम आहे हे थर्मामीटरने बघायचं असतं. एका सकाळी थर्मामीटर सापडेना, तेव्हा केंद्राच्या प्रमुखांनी, म्हणजे आमच्या साहेबांनी, अंघोळीच्या बादलीत घालतात तसा पाण्यात हात घातला आणि "चालेल" म्हणाले. साहेब अंघोळ कढत पाण्याने करतात. त्यांना ते कोमटच लागलं.

रेडा पोळला. नको त्या जागी पोळला. त्याने मुसंडी मारली आणि वेसण धरून उभ्या असलेल्या मामांना लोखंडी कठड्यावर चिरडलं. रेड्यांची देखभाल करणाऱ्या या वयस्क माणसाला आम्ही सगळे मामा म्हणतो. त्यांच्या बरगड्या मोडल्याचा आवाज मी कानांनी ऐकला. साहेबांच्या हाताबद्दल मात्र कोणी चकार शब्द काढला नाही.

मामा बरे होऊन आले ते बांबू घेऊनच. रोज वैरण टाकायच्या आधी ते त्या रेड्याची वेसण आखडून बांधायचे आणि त्याला मारायचे. पाठीवर, मांड्यांवर, तोंडावर. मी साहेबांकडे गेले. "जनावर शिस्तीत नको का यायला?" ते म्हणाले आणि चहा पिऊ लागले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

काही महिन्यांनी गावांतून तक्रारी यायला लागल्या. या रेड्याच्या कांड्यांनी म्हशी गाभण राहत नव्हत्या. साहेबांनी सूक्ष्मदर्शकात डोळा घातला. शुक्राणू झकास पळत होते. "पळतायत आणि पोचत नाहीत, म्हणजे आपल्या सरकारी फायली," ते म्हणाले, आणि रेडा खाटकाला द्यायचं ठरवून मोकळे झाले.

मी नाही म्हटलं. शुक्राणूत डीएनएशिवाय आरएनएचे इवलेसे तुकडेही असतात. कुठलं जनुक बोलेल आणि कुठलं गप्प बसेल, यात त्यांचा हात असतो, अगदी गर्भ धरल्यानंतरच्या पहिल्या दिवसांतही. बापाच्या अंगावर काय बेतलंय याचा परिणाम या तुकड्यांवर होतो, असं आता दिसू लागलंय. आणि माझ्याकडे याच रेड्याच्या, पोळण्याआधी गोठवलेल्या कांड्या होत्या. त्या आणि नव्या मी शेजारी ठेवून तपासल्या. रेडा एकच, पण तुकड्यांचं प्रमाण पार बदललेलं. मारामुळेच बदललं, असं मी छातीठोकपणे सांगू शकत नव्हते. पण नवे शुक्राणू तयार व्हायला दोन-अडीच महिने लागतात. तेवढा वेळ याला कोणी हात लावू नका, मग पुन्हा बघू, असं मी साहेबांना म्हटलं.

"म्हणजे रेड्याला भरपगारी रजा," साहेब म्हणाले. "ठीक आहे. खाटकाला थांबायला सांगतो."

मामांना बजावून सांगितलं होतं. तरी एका सकाळी गोठ्यातून बांबूचा आवाज पुन्हा आला. मी हातमोजे न काढताच धावले. रेड्याच्या पाठीवर ताजे वळ होते आणि मामांचा हात पुन्हा वर गेला होता. मी बांबू हिसकावला आणि मामांच्या खांद्यावर हाणला. मग दंडावर. मग परत. "आता कसं वाटतंय? सांगा ना, कसं वाटतंय?" मी विचारत होते. मामा हात डोक्यावर धरून खाली बसले. तेवढ्यात मागे काहीतरी फाटलं. रेड्याने वेसण ओढून स्वतःची नाकपुडी फाडून घेतली होती आणि तो भिंतीवर डोकं आपटत होता. रक्त माझ्या पांढऱ्या कोटावर उडालं. मग तो थांबला, भिंतीला चिकटला आणि उभ्या उभ्या मुतला. बघत होता तो माझ्या हाताकडे. त्या हातात अजून बांबू होता.

मामांनी माझी तक्रार केली नाही. बांबूही परत मागितला नाही. नाकाच्या जखमेला दोन्ही वेळा हळद तेच लावायचे.

मुदत त्या दिवसापासून नव्याने मोजली आणि ती संपल्यावर वीर्य घेतलं. या वेळी पाणी थर्मामीटरने बघितलं. आरएनएचे तुकडे पुष्कळसे जुन्या कांड्यांच्या जवळ आले होते. पुढे गावांतून म्हशी गाभण राहिल्याचे फोन आले आणि साहेबांनी खाटकाला नाही म्हणून कळवलं. रेडा जगला. मला इतका आनंद झाला की मी हिरवा मका घेऊन गोठ्यात गेले.

मामा त्याच्या मानेखाली खाजवत होते आणि त्याने डोळे मिटले होते. माझी चाहूल लागताच त्याने डोळे उघडले आणि मागे सरकत सरकत तो भिंतीला जाऊन टेकला. त्याच्या मांड्या थरथरत होत्या.

"म्याडम, तुमी तितंच थांबा," मामा हळूच म्हणाले. "तुमाला लई भितो त्यो. मका द्या हिकडं, मी घालतो."

मी मका त्यांच्या हातात दिला आणि बाहेर आले.