डोंगराखालचं गाऱ्हाणं

घाटकोपरच्या आमच्या चाळीत भांडायला विषय कधीच कमी पडला नाही, पण डोंगराच्या वादाने घरं फोडली. आमच्या तर एका खोलीत दोन पक्ष झाले. आई म्हणत होती, इमारत हवी. बाबा म्हणत होते, नको.

आमची खोली सगळ्यात वरच्या ओळीत. मागे वनखात्याची गंजलेली पाटी आणि मग नुसता उतार. त्या उतारावर नवी घरं बांधायची टूम निघाली. एक बिल्डर आला, त्याच्यासोबत एक पुढारी आला. दोघांनी सांगितलं की खालची पट्टी वनातून मोकळी होणार आणि सगळ्यांना पक्की घरं मिळणार. समोरच्या टॉवरवाल्यांनी लगेच ‘डोंगर वाचवा’चे फलक लावले. त्यांचा टॉवर ज्या डोंगराला कापून उभा राहिला, तो वाचवायला तेव्हा यातलं कोणी आलं नव्हतं.

मी बाबांच्या बाजूची. चाळीच्या सभेत उठून बोलले की उतार खचेल, परवानग्या खोट्या निघतील. समितीचे अध्यक्ष म्हणाले, “तू मुलुंडला फ्लॅटमध्ये राहतेस ना? मग बस गं खाली.” लोक हसले. त्याचं मला काही वाटलं नसतं, पण आईही हसली.

घरी आल्यावर ती मालवणीत सुरू झाली. रागावली की तिला तीच भाषा पुरते. “तुका झाडा दिसतत, कारण तुझ्या घरात लिफ्ट हा. माका मरूच्या आधी घरात संडास होयो. बस.” तिचे गुडघे गेले होते आणि सार्वजनिक संडास पार खाली, रस्त्यापाशी. पावसात ती काठी, छत्री आणि डबा सांभाळत, भिंतीला खांदा टेकवत पायऱ्या उतरायची. रात्री जायची पाळी येऊ नये म्हणून संध्याकाळनंतर पाणी प्यायची नाही.

बाबा फार बोलायचे नाहीत. मिल बंद पडल्यापासून ते तसेच होते. एवढंच म्हणायचे, “डोंगराचो पाय कापलो तर तो उभो रवात कसो?” मग दिवसभर दोघांचा अबोला. चहा मात्र आई वेळेवर द्यायची, कप जरा जोरात आपटून.

चाळीचं गाऱ्हाणं बाबाच घालायचे. आम्ही सगळे कोकणातले, त्यामुळे गावाकडची ही रीत इथेही आली होती. दर मार्गशीर्षात उताराच्या पायथ्याशी राखणदाराला, म्हणजे एका काळ्या दगडाला, नारळ ठेवायचा. एकाने सगळ्यांच्या वतीने मागायचं आणि बाकीच्यांनी दर मागण्याला “व्हय म्हाराजा” म्हणायचं. त्या वर्षी समितीने निरोप धाडला, इमारतीचं मागा. बाबांनी नाही म्हणून सांगितलं. मला त्यांचा अभिमान वाटला. मग त्यांच्याच गावचे एक म्हातारे शेजारी घरी आले आणि शांतपणे म्हणाले, “गाऱ्हाणा तुझा नाय रे, आमचा सगळ्यांचा हा. तू फकस्त तोंड.” बाबांनी खुंटीवरचा सदरा काढून धुवायला टाकला. गाऱ्हाणं घालणाऱ्याने स्वतःचं मत मध्ये आणायचं नसतं, हे मला लहानपणी त्यांनीच सांगितलं होतं.

त्या सकाळी ते धुतलेला सदरा घालून दगडासमोर उभे राहिले. आवाज नेहमीसारखाच खणखणीत.

“बा देवा म्हाराजा, तुझ्या लेकरांनी हो नारळ ठेवलेलो हा, तो मान्य करून घे.”

“व्हय म्हाराजा.”

“ह्या जाग्यार तुझ्या लेकरांका पक्की घरा मिळांदेत.”

“व्हय म्हाराजा.”

इथे संपायला हवं होतं. पण ते जरा थांबले आणि कोणीही न सांगितलेलं एक मागणं त्यांनी वर घातलं, “म्हाताऱ्या माणसांका खाली-वर करूचा लागता, ता चुकव.”

सगळे म्हणाले. मीही म्हणाले, तोंडातून निघूनच गेलं. आईचा आवाज सगळ्यांच्या वर होता.

होळीच्या आसपास पोकलेन आला आणि त्याने उताराचा पायथा खरवडून काढला. मग कोणीतरी कोर्टात गेलं, कामाला स्थगिती मिळाली. मी ऑफिसात मैत्रिणींना पेढे दिले. कापलेला डोंगर मात्र तसाच उघडा राहिला. त्याला भिंत बांधायची कोणी, यावर चाळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन्ही पक्ष एकमेकांची उणीदुणी काढत राहिले, आणि तेवढ्यात आषाढ आला.

दुपारची वेळ होती. बाबा जेवून आडवे झाले होते. आई खाली संडासाला गेली होती आणि तिथे रांग होती. आवाज झाला तेव्हा ती हातात डबा घेऊन उभी होती. वर पाहिलं तर आमची ओळ नव्हती. बाबांना बाहेर काढायला संध्याकाळ झाली.

जे चुकवायला तिला इमारत हवी होती, त्यानेच तिला वाचवलं. हे मी तिच्यासमोर कधी बोलले नाही. माझ्याआधी ते तिलाच कळलं असणार.

आता ती माझ्याकडे मुलुंडला असते. तिच्या खोलीला लागून संडास आहे. तरी संध्याकाळनंतर ती पाणी पीत नाही. मी तांब्या भरून ठेवते, सकाळी तो तसाच असतो.

परवा दिवेलागणीला मी ओट्यापाशी भाजी चिरत होते. आईने स्वयंपाकघरातल्या देव्हाऱ्यात दिवा लावला, हात जोडले आणि बाबांच्या चालीवर सुरू झाली. बाईमाणसाने गाऱ्हाणं घातलेलं मी कधी ऐकलं नव्हतं.

“बा देवा म्हाराजा, त्या माणसान घर मागल्यान, ता माझ्यासाठी मागल्यान. तेचो दोष तेका लावू नको. माका लाव.”

आणि ती थांबली. इथे बाकीच्यांनी म्हणायचं असतं. बाकीचे म्हणजे आता मी एकटी. शब्द माझ्या तोंडापर्यंत आले होते, त्या सकाळी आले होते तसेच. मी ओठ घट्ट मिटून घेतले.

जोडलेले हात तिने सोडले नाहीत. मग मागे वळून न पाहता म्हणाली, “म्हण गो.”

मी म्हटलं नाही.