मधलं नाव

शहरातल्या लष्कर भागातून रोज दोन टेम्पो बदलून मी खदानीजवळच्या शाळेत शिकवायला जाते. पाचवीपर्यंतची शाळा, खोल्या दोन, शिकवणाऱ्या आम्ही दोघी. मुलं सगळी खदानीवर दगड फोडणाऱ्यांची. नवीन मूल आलं की दाखल रजिस्टरमध्ये त्याचं नाव मी लिहायचं, कारण म्हणे माझं अक्षर चांगलं. जळलं मेलं ते अक्षर!

ती मुलगी पहिलीत आली तेव्हा तिच्याजवळ कसलाच कागद नव्हता. आईनं तोंडी सांगितलं, मी सवयीनं लिहून मोकळी झाले. आधी मुलीचं नाव, मग बापाचं, मग आडनाव. आमचं घर मराठी, पिढ्यान्‌पिढ्या इकडे हिंदी मुलखात राहूनही असंच लिहितात. निम्मं बोलणं हिंदीत चालतं आमचं, पण नाव म्हटलं की ते पूर्ण हवं. इथले लोक मुलीच्या नावात बापाचं नाव घालत नाहीत, त्याचा रकाना वेगळा असतो. मला ठाऊक नव्हतं असं थोडंच आहे? हात चालला, बस.

पाच वर्षं कोणाच्या लक्षात आलं नाही. मुलगी हुशार. पाढे म्हणताना डोळे मिटायची आणि चुकली की स्वतःवरच चिडायची. सहावीची शाळा लांब, रस्त्यावर सारखे दगडांचे ट्रक. बाप म्हणाला, पायी नाही पाठवणार. राहता राहिलं मुलींचं सरकारी हॉस्टेल. तिथेच राहायचं, तिथूनच शिकायचं. त्याला बाप कसाबसा तयार झाला आणि फॉर्म मी भरला. तोवर तिचं आधार निघालं होतं, त्यावर बापाचं नाव मध्ये नव्हतं. माझ्या रजिस्टरमध्ये होतं. फॉर्म परत आला.

ऑफिसातल्या बाबूनं रजिस्टर पाहून विचारलं, "मॅडम, मराठी हैं क्या आप?" मी हो म्हटलं. तो हसला. कुचकट नाही, चांगलं हसला. म्हणाला, इथे खाडाखोड चालत नाही, वरून आदेश आणावा लागेल. मी अर्ज दिला, बापाचा अंगठा घेऊन शपथपत्र दिलं, फेऱ्या मारल्या. कधी साहेब ट्रेनिंगला, कधी साहेब सुट्टीवर. आदेश हातात पडला तेव्हा हॉस्टेलच्या जागा भरून गेल्या होत्या. पुढच्या वर्षी बघू, असं मी बापाला सांगितलं. त्यानं मान हलवली. पुढच्या वर्षी मात्र तो नाहीच म्हणाला.

जागा गेल्याचं कळलं त्या दिवशी मला रडू आलं नाही. राग म्हणाल तर तोही नाही. घरी आले, कुकर लावला. सासूबाईंनी विचारलं, "झालं का गं त्या पोरीचं काम?" मी म्हटलं, "नाही झालं." "अगंबाई!" म्हणाल्या, आणि आम्ही दोघी मटार सोलत बसलो. अजूनही तसंच आहे. सगळे विचारतात, वाईट वाटत असेल ना? काय सांगू, वाटायला हवं तेवढंसुद्धा वाटत नाही. नुसतं बधिर झालंय आत.

ती आता आईबरोबर गिट्टी फोडते. परवा शाळा उघडली त्या सकाळी धाकट्या बहिणीला घेऊन आली, पहिलीत घालायला. बोटांना चिंध्या बांधलेल्या, हातात प्लास्टिकच्या पिशवीत बहिणीचं आधार. "नमस्ते मॅडमजी," म्हणाली. मी रजिस्टर उघडलं, पेन काढलं. तशी ती टेबलाला वळसा घालून माझ्या बाजूला येऊन उभी राहिली.

"मॅडमजी, इसका नाम अकेला लिखना. बीच में पापा का मत डालना."

आवाजात राग नव्हता. विसरायला होतं म्हणून आठवण करून द्यावी, तसं बोलली. कार्डावर होतं तसंच मी लिहिलं. तिनं रजिस्टर स्वतःकडे ओढलं आणि चिंधी बांधलेलं बोट ठेवून एकेक अक्षर कार्डाशी ताडून पाहिलं. तिला वाचायला मीच शिकवलं होतं.

"अब ठीक है," ती म्हणाली, आणि खदानीकडे निघाली.