झालं म्हटल्यानंतरची चार पावलं

ताई चहा उभ्यानेच प्यायची. ओळख होताना आधी माणसाच्या चपलांकडे बघायची. सिनेमातला म्हातारा दिसला की "काठी चुकीच्या हातात आहे," असं मोठ्याने म्हणायची. मागच्या रांगेतले चिडायचे. जिन्यात फोन कधीच उचलायची नाही.

इस्पितळात ती रुग्णांचा तोल आणि चाल तपासायची. कोण पडू शकेल, हे तिला सांगावं लागे. मी तिथेच नोंदणीच्या टेबलावर बसते. साहित्यात एम.ए. केलं आणि आता नावं, वयं लिहिते. ती वीस वर्षांनी मोठी, तरी मैत्रीण. शनिवारी सकाळी तिचं हृदय बंद पडलं. हे वाक्य मी तीनदा लिहिलं.

दीड महिन्यापूर्वी एक म्हातारे शिंपी आले होते. सगळे त्यांना मास्तर म्हणायचे. घरात दोनदा पडले होते, तरी त्यांना आपल्या खोलीत एकटंच राहायचं होतं. मुलाने बजावलं होतं, "ताई लिहून देतील तरच. नाहीतर माझ्याकडे चला."

खुर्चीतून उठायचं, तीन मीटर चालायचं, वळून परत यायचं, बसायचं. मास्तरांनी अकरा सेकंदांत केलं आणि मुलाकडे ऐटीत पाहिलं.

"झालं, मास्तर. निघा," ताई म्हणाली. ते दाराकडे वळले तसं तिने सहज विचारलं, "शर्टाला कापड किती लागतं हो?"

उत्तर द्यायला मास्तर थांबले. मग भिंत धरली.

तिने फॉर्मवर लिहिलं : एकटे राहू नये.

"ही फसवणूक आहे!"

"सुरुवात तुम्ही केलीत. घरी असे छाती काढून चालता का?"

बोलायला ज्याचे पाय थांबतात तो पडतो, असं ती म्हणायची. मग सहा आठवडे ती त्यांना चालता चालता बोलायला लावायची.

"बायकोनेसुद्धा इतकी उलटतपासणी घेतली नव्हती," मास्तर कुरकुरायचे.

"म्हणूनच पडलात."

फेरतपासणी सोमवारी होती. मास्तर मुलाबरोबर दहाला हजर. ताई गेल्याचं मी सांगितलं. ते बाकावर बसले. तिच्या जागी कुणी कधी येईल, कुणालाच माहीत नाही. तोवर मास्तर मुलाकडे राहणार.

शेवटी ते उठले. मुलाशी ताईबद्दल बोलत बोलत सबंध वऱ्हांडा पार करून गेले. एकदाही थांबले नाहीत. मी बघितलं, पण ते लिहायचा अधिकार मला नाही.

फॉर्म तिने शुक्रवारीच तयार ठेवला होता. नाव, वय, सोमवारची तारीख. 'एकटे राहू शकतात का' यापुढची चौकट कोरी आहे.